माडीवरचा समुद्र

दोन वर्षांत चित्रं किती काढलीत, असं कोणी विचारलं की आम्ही विषय बदलतो. दर रविवारी सकाळी आमच्या रत्नागिरीतल्या वाचनालयाच्या माडीवर एका कॉम्प्युटरला चिकटून चौघं बसायचो, त्यातून धड चित्रं निघाली असतील पाच-सहा. किस्से मात्र एवढे साठलेत की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच तोंड घालतो!

चौघं म्हणजे कोण? शिकवणारा शिरीष, पुण्याची नोकरी सोडून घरी परतलेला इंजिनिअर. बेबीवहिनी, कलमांच्या बागेच्या मालकीण. बाग नवऱ्याच्या नावावर, हुकूम यांचा. निवृत्त चित्रकला शिक्षक मराठे सर. आणि मी मीना, पोस्टात काउंटरवर असायची.

पहिल्याच दिवशी शिरीष म्हणाला, "इथे आपण चित्र काढायचं नाही. ते कसं काढायचं हे कॉम्प्युटरला नीट सांगायचं. काढेल तो."

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे सुनेला सांगायचं आणि आपण बसायचं. मग ते येतं मला!"

*

सॉफ्टवेअर फुकट होतं. नुसतं फुकट नाही, शिरीषने समजावलं, त्याचं आतलं सगळं उघडं असतं. बघा, बदला, पुढे कोणालाही द्या.

वहिनींना हे काही पटेना. कोणाचं असं फुकट घ्यायचं म्हणजे काय? पुढच्या रविवारी त्या पायरी आंब्यांची करंडी घेऊन माडी चढल्या. "हे ज्यांनी केलंय त्यांना पोचव."

"वहिनी, ते लोक जगभर पसरलेत."

"मग तू खा, आणि त्यांना कळव!"

शिरीषने खरंच ईमेल लिहिला. आठ दिवसांनी कोणा परदेशी माणसाचं उत्तर आलं. आभार मानून त्याने विचारलं होतं की आंब्याच्या आत काय असतं?

वहिनी खूश. "सांग त्याला, आत बाठा असतो. तो लावायचा, आणि झाड झालं की शेजाऱ्यांना वाटायचं. आमचंही उघडंच आहे म्हणावं!"

*

मी झाड काढायला घेतलं. नियम सोपा होता. खोडाला दोन फांद्या, प्रत्येक फांदीला पुन्हा दोन, असं पुढे. बटण दाबलं आणि कॉम्प्युटर ठप्प! माऊस हलेना, काही नाही.

शिरीषने बंद करून चालू केला, पुन्हा तेच. अर्धा तास तो चूक शोधत होता. वहिनी मागून डोकावल्या.

"अगो मीना, फुटायला सांगितलंस, थांबायला कुठे सांगितलंयस? छाटणी नाही केलीस तर कलम असंच माजतं!"

शिरीषने एक ओळ घातली, झाड उभं राहिलं. इंजिनिअरसाहेबांनी त्या दिवशी वहिनींना चहा पाजला.

*

आता मराठे सर. तीस वर्षं वाचनालयाच्या वार्षिक नाटकाचा मागचा पडदा सरांनी रंगवला. नाटक कुठलंही असो, पडद्यावर कुठेतरी समुद्र असायचाच. मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. औषधं झाली, फरक पडला नाही. आम्ही माडीवर बसायला लागलो त्याच्या आदल्या वर्षी रेघ इतकी हलली की आमचे अध्यक्ष भाऊ म्हणाले, "मास्तर, राहू दे. यंदा पडदा भाड्याने आणू."

देवरूखहून पडदा आला. त्यावर हिमालय! आणि नाटक होतं कोळ्यांचं. बर्फासमोर जाळी विणत बसले बिचारे, लोक हसून हसून लोळले. सर तेवढे हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी हात खिशात घातला तो चारचौघांत कधी बाहेर काढला नाही. मला फार वाईट वाटायचं.

माडीवर ते यायचे ते एवढ्यासाठीच. यंदा कॉम्प्युटरकडून समुद्र काढून घ्यायचा आणि प्रोजेक्टरने पडद्यावर सोडायचा. भाऊंनी बजावलं होतं, "एकदा बघू. फसलं तर पुढच्या वर्षापासून हिमालय कायमचा!"

*

सर टाइप करू शकत नव्हते. एक बटण दाबायला जावं तर तेच तीनदा दाबलं जाणार, त्यामुळे हात खिशातच. ते तोंडी सांगायचे आणि मी टाइप करायची. आवाज खणखणीत, वर्गात चाळीस पोरांना पुरणारा.

"कंस उघडा! शून्य, स्वल्पविराम, शून्य! कंस मिटा! अर्धविराम!" तासभर हे एका लयीत चालायचं.

खाली पेपर वाचणाऱ्या मंडळींची कुजबुज सुरू झाली. एक दिवस एक आजोबा धापा टाकत माडीवर आले, चपला बाहेर काढल्या, कॉम्प्युटरला लांबून नमस्कार केला आणि विचारलं, "पारायण कधी संपतंय? प्रसादाला थांबतो."

वहिनींनी त्यांच्या हातावर बिस्किट ठेवलं!

*

समुद्र काही जमेना. लाटा यायच्या, पण सगळ्या एका मापाच्या, कौलांच्या ओळी जशा. सर म्हणायचे, "याला वारा लागत नाहीये."

शेवटी शिरीषने लाटा माऊसला जोडल्या. माऊस हलेल तेवढीच लाट, थांबला की पाणी सपाट. मी हलवून बघितला, वहिनींनी हलवला. नुसते हेलकावे.

"सर, तुम्ही बघा ना," मी म्हटलं. त्यांनी एकदा जिन्याकडे बघून घेतलं. मग हळूच हात खिशातून काढून माऊसवर ठेवला.

आणि पाणी शहारलं! बारीक बारीक लाटा, एकीसारखी दुसरी नाही. भाट्याच्या खाडीवर वारा सुटतो ना, अगदी तसं.

शिरीष घाईने म्हणाला, "सर, थांबा, तो कंप काढून टाकायची सोय करतो मी."

"हात लावून तर बघ मेल्या!" सर कडाडले.

मला हसूही आलं आणि रडूही.

*

नाटकाचा दिवस. नाटक दोन खलाशांचं, पडदा उघडतो तोच वादळात. टेबल आणि कॉम्प्युटर रंगमंचाच्या खाली, पहिल्या रांगेसमोर.

भाऊ, निवृत्त फौजदार, पुढे आले. "नव्या गोष्टीचं उद्घाटन अध्यक्षाच्या हस्ते! काय करायचंय?"

"माऊसवर हात ठेवायचा," शिरीष चाचरत म्हणाला. सर बाजूला झाले. हात पुन्हा खिशात.

भाऊंनी चोर धरावा तसा माऊस धरला. पडदा उघडला.

"केवढं हे वादळ!" खलाशी ओरडला. मागे समुद्र पोळपाटासारखा सपाट.

"ओहोटी लागली रे!" मागून कोणीतरी ओरडलं. "उतरा आणि चालत जा!"

भाऊंनी चिडून माऊस ओढला. एकच लाट थेट छताला, आणि पुन्हा सपाट! अख्खं सभागृह खदाखदा हसतंय, खलाशी होडीत उभे, शिरीष घामाघूम. मला समोर हिमालय दिसायला लागला.

तेवढ्यात सर पुढे झाले. सगळ्या गावासमोर त्यांनी हात बाहेर काढला. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जास्तच थरथरत होता. भाऊंचा हात उचलून त्यांनी आपला माऊसवर ठेवला.

समुद्र उसळला. लाटांवर लाटा! पहिल्या रांगेतल्या बायकांनी पाय वर घेतले. हसणं थांबलं, मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात.

भाऊ डोळे विस्फारून कधी पडद्याकडे, कधी सरांकडे. "मास्तर! असं केलंत तरी काय?"

सर समुद्राकडे बघत म्हणाले, "काही नाही. नुसता हात ठेवला."