दिवसाढवळ्या रात्र करणारे घुबडराव

प्राणिसंग्रहालयातल्या वाळवंट-घराच्या राखणदाराला सगळे घुबडराव म्हणायचे, तेही तोंडावर. त्यांना राग यायचा नाही, कारण कामच उलटं. वाळवंटातले प्राणी उन्हाच्या धाकानं दिवसा बिळात पडून राहतात नि रात्री पोटापाण्याला निघतात. मग तिकीट काढून आलेल्यांनी काय नुसती वाळू बघायची? म्हणून घुबडराव रात्रभर लख्ख दिवे ठेवायचे आणि दिवसा काळोख करायचे. प्राणी बिचारे रोज फसायचे. त्या काळोखात वावरून घुबडरावांचे कानच डोळे झाले होते. विंचवाच्या डब्याचं झाकण 'टक' वाजलं, की बसलं.

त्या दिवशी प्राणिसंग्रहालय लोकांसाठी बंद होतं. विंचवाच्या पेटीतला दिवा गेला म्हणून वायरमन बोलावला, तर आला नेमका त्यांचा धाकटा मेव्हणा. तोंडाची टकळी अखंड चालू. ताईनं म्हणे नवरा अंधारातच पसंत केला असणार. घुबडरावांनी हसत हसत विंचू डब्यात घातला, झाकण दाबलं आणि मेव्हण्याला दिसावं म्हणून मोठे दिवे लावले. काचेपलीकडे कोल्ह्यानं शेपटीत तोंड खुपसलं, उंदीर बिळात पळाले. सगळ्यांना वाटलं, उजाडलं.

जरा वेळानं घुबडरावांची नजर डब्यावर गेली. झाकण तिरकं, आत कोणी नाही. तेव्हा कुठं लक्षात आलं, बडबडीत 'टक' ऐकूच आलं नव्हतं.

साधासुधा विंचू नव्हता तो. डसला तर धडधाकट माणूस आडवा होईल. उजाडल्यावर तो अंधारी जागा शोधणार, आणि तशी जागा एकच: मेव्हण्याच्या मांडीला टेकलेली हत्यारांची पिशवी. पेचकसासाठी त्याचा हात कोपरापर्यंत आत.

"हात बाहेर काढ. हळू."

"का दाजी, ताईनं काही..."

"विंचू आहे पिशवीत. पाय हलवू नकोस, पिशवी कलंडेल."

टकळी थांबली, हात हळूच बाहेर आला. घुबडरावांनी दिवे घालवले. रात्र झाली असं वाटलं तर तो आपणहून निघेल, एवढीच आशा. एका हातात लांब चिमटा, दुसऱ्यात जांभळट दिवा; त्या उजेडात विंचू हिरवा चमकतो. पलीकडे उंदीर वाळू उकरायला लागले. पिशवी अजून काळीच. मेव्हण्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग पिशवीच्या काठावर हिरवी नांगी उगवली. मांडीवर उतरली, गुडघ्यापाशी थबकली. घुबडरावांनी चिमटा पुढे नेला नि नांगीच पकडली. डब्यात टाकून झाकण दाबलं. दोघंही कान देऊन राहिले.

टक.

दिवे लागले. मेव्हणा भिंतीला टेकून पिशवीकडे बघत होता. म्हणाला, "दाजी, तेवढा पेचकस तुम्हीच काढून द्या."