न्हाय सर

आमच्या म्युच्युअल फंडाच्या ऑफिसात फंड सांभाळणाऱ्या सरांना पाठीमागे सगळे 'न्हाय सर' म्हणत. एरवी ते इंग्रजीत नाहीतर हिंदीत बोलत. पण कोणी भलत्याच शेअरचा आग्रह धरला की तोंडून त्यांच्या गावची, उत्तनची बोली बाहेर पडे. "न्हाय म्हंजे न्हाय!" मग समोर कोण बसलंय याची पर्वा नसे. तेवढं सोडलं तर माणूस गप्पिष्ट, खवय्या आणि रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये मनापासून बेसूर गाणारा.

मी शांती नगरची, म्हणजे त्यांच्या वाटेवरचीच. नोकरीला लागल्यावर सरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "मग माझ्या गाडीतून येत जा. तुला सोडून पुढे जातो." काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकच्या गर्दीत अडकलो की मागच्या सीटवरचा एखादा वार्षिक अहवाल माझ्या हातात देत. "शेवटून वाच. पुढच्या पानांवर स्वप्नं छापतात, मागच्या पानांवर अटी." कंपनी वाचायला मी तिथे शिकले, हॉर्नच्या गोंगाटात.

एकदा त्यांनी गाडी मधेच वळवली आणि मला एका निवृत्त नर्सबाईंकडे नेलं. बाईंची बचत आमच्या फंडात होती. आम्ही चहा प्यायलो, त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोललो. फंडाचा विषयही निघाला नाही. जिना उतरताना सर म्हणाले, "चेहरा लक्षात ठेव. स्क्रीनवर तो दिसत न्हाय."

मग सोन्याचा भाव असा चढायला लागला की सगळ्यांनाच सोन्याच्या खाणींचे शेअर हवेसे झाले. परदेशातली एक छोटी कंपनी तर भलतीच गाजत होती. तिची खाण अजून खाण नव्हतीच. जमिनीचा परवाना होता आणि खोलवर भोकं पाडून काढलेले दगडाचे नमुने होते. ते तपासून रिपोर्ट लिहायचं काम सरांनी माझ्यावर सोपवलं. नमुन्यांत सोनं होतं, पण तुरळक. घेऊ नये, असं मी लिहिलं. सर म्हणाले, "न्हाय घ्यायचं," आणि विषय संपला.

दुसऱ्या फंडांनी घेतलं. आणि पुढे त्या जमिनीत खरंच सोनं सापडलं, भरपूर. शेअर कुठल्या कुठे गेला, आमचा फंड मागे पडला, आणि मुख्य साहेबांनी मीटिंग बोलावली.

"हा रिपोर्ट कोणाचा?"

माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती आणि घराचे हप्ते नुकतेच सुरू झाले होते. तरी मी तोंड उघडणार, एवढ्यात सर म्हणाले, "माझा. मी सांगत गेलो, तिनं टाईप केला."

हे धादांत खोटं होतं. त्यांनी त्यात स्वल्पविरामसुद्धा बदलला नव्हता. मी "सर, पण..." म्हणाले, तर माझ्याकडे न बघताच बोलले, "जरा सगळ्यांना चहा सांगून ये." मी परत आले तेव्हा फंड त्यांच्याकडून काढून घेण्याचं ठरून गेलं होतं. थोड्याच दिवसांत त्यांनी नोकरी सोडली. मी राहिले.

धीर गोळा करून उत्तनला गेले, तेव्हा ते अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांवरून कावळे हाकलत होते.

"सर, आपण चुकलो का?"

"त्यांना सोनं मिळालं, त्यांचं नशीब. आपल्याला दिसत नव्हतं. न दिसणारं दुसऱ्याच्या पैशानं घ्यायचं न्हाय. उद्या विचारशील तरी हेच सांगेन."

"मग माझ्यासाठी खोटं का बोललात?"

"ते फादरना सांगून टाकलं," ते हसले. "फादर म्हणाले, देव माफ करील, पण तो शेअर घेतला असतास तर चर्चचं छप्पर झालं असतं!"

मग हसू थांबवून म्हणाले, "पोरी, तुला जे दिसलं ते तू लिहिलंस. त्यापायी पहिलीच नोकरी गेली असती, तर परत तसं लिहायची हिंमत केली असतीस?"

मी वळून बोंबलांवर बसलेला एक कावळा हाकलला. नसती केली. आज एक मोठा फंड मी सांभाळते, तरी हे उत्तर मला बदलता आलेलं नाही.