पायांसकट फोटो

आधी काकूंचं सांगते, मग काय झालं ते. काकू म्हणजे आमच्या फोटो स्टुडिओतल्या ऑपरेटर. माझं त्यांचं नातं काही नाही. त्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या, मी पार वाशीमच्या पलीकडची. तरी आज मी कॉम्प्युटरपुढं बसते ती त्यांच्यामुळं, आणि माझ्या मोबाइलात आईचा एक फोटो आहे तोही त्यांच्यामुळं. त्या फोटोपर्यंत यायचं तर पैलवानांपासून सुरुवात करावी लागेल.

लग्न होऊन इथं आले तेव्हा नवरा फौंड्रीत जायचा आणि मी दिवसभर खोलीत. शेजारणी बोलायच्या ते निम्मं कळायचं नाही. इथल्या बायका "मी आलो, मी जेवलो" म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, दारात कुणी बाप्याच उभा आहे. माझी शाळा आठवीत सुटलेली. गावात आठवीपर्यंतच वर्ग, पुढं बसनं जायचं, आणि बस कधी यायची, कधी नाही. एक पावसाळा असा गेला, मग घरात कुणी विषयच काढला नाही. मीही नाही काढला. ते अजून खातं मला.

स्टुडिओच्या काचेवर 'मदतनीस पाहिजे' असा कागद दिसला आणि मी आत गेले. मालकांनी विचारलं, "शिक्षण?" मी सांगितलं. "इंग्लिश येतं?" मी फरशीकडं बघत राहिले. तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, "मालक, फोटोला इंग्लिश लागत न्हाय, नजर लागती. ठेवा की महिनाभर. न्हाय जमलं तर सांगू तिला, जा बाई म्हणून."

त्या काकू. महिनाभराची मुदत घेऊन मी बसले.

आमच्याकडं मुख्य काम पासपोर्ट फोटोचं. काकूंनी शिकवलं तेही तेच. डोकं इतकं, हनुवटीखाली जागा इतकी, दोन्ही कान दिसले पाहिजेत, खांद्याखाली कापून टाकायचं. कीबोर्डवर त्यांनी कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून दिल्या. मी वहीत मराठीतनं लिहून घेतलं, 'कंट्रोल एस म्हणजे सेव्ह. काम झालं की दाबायचं.' रोज सकाळी बसमध्ये ते वाचायची, परीक्षेला निघाल्यासारखी. आईला फोनवर सांगितलं तर तिनं गल्लीभर सांगून टाकलं, "माही पोरगी कम्प्युटरवर बसते." तिनं असं सांगितल्यापासून माझी भीती दुप्पट झाली.

तिसऱ्या आठवड्यात पेठेतल्या एका तालमीचं काम आलं. तालमीची वेबसाइट व्हायची होती आणि तिच्यावर जुन्या पैलवानांचे फोटो टाकायचे होते. भिंतीवरच्या फ्रेमा आल्या, काकूंनी सगळ्या स्कॅन केल्या, फ्रेमा परत गेल्या. वेबसाइट करणाऱ्या पोरानं फोनवर सांगितलं, "सगळे एका मापाचे पाहिजेत. चौकोनी. सहाशे बाय सहाशे." नेमकी काकूंच्या माहेरची जत्रा आली. जाताना म्हणाल्या, "दोन दिवस हाय तुझ्याकडं. सावकाश कर. एका मापात बसव म्हंजे झालं."

मी जीव ओतून केलं ते काम. एकेक फोटो उघडायचा, चौकट धरायची, डोकं मधोमध, दोन्ही कान, खांद्याखाली कापायचं, कंट्रोल एस. चाळीसच्या वर पैलवान. कुणाच्या डोक्यावर फेटा, कुणाचे कान मोडून भज्यासारखे झालेले. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे स्क्रीनवर ओळीनं लावून बघितले तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं. एकसारखे, स्वच्छ, एकही वाकडा नाही.

तिसऱ्या दिवशी तालमीचे वस्ताद आले. पांढरा लेंगा, खांद्यावर टॉवेल, सत्तरीचे तरी असतील. मी खुर्ची दिली आणि स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी बघितल्या. मग म्हणाले, "पाय कुठायत?"

मला कळेना.

"अगं पाय, पाय! पैलवान हाय त्यो! मांडी न्हाय, पिंढरी न्हाय, हातातली गदा उडीवली. नुसती मुंडकी! पॅनकार्ड काढायलीस व्हय ह्यांची? बाहेरगावचा माणूस बघितला तर म्हणंल, ह्या तालमीतनं चाळीस तलाठी निघाले."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं असतं हे इथं कुणाला सुचलंही नसतं. कोल्हापुरात पैलवानाचा फोटो पायाच्या नखापर्यंत असतो. तो उभा कसा राहतो त्यावरनं तो कुणाच्या हाताखालचा ते जुनी माणसं ओळखतात. मी त्या सगळ्यांना खांद्याखाली कापून टाकलं होतं.

काकू तेवढ्यात आल्या, हातात जत्रेतल्या चिरमुऱ्यांची पिशवी. त्यांनी फोल्डर उघडलं, मग दुसरं, मग तिसरं. हळूच विचारलं, "मूळ फोटो कुठं ठेवलेस?"

"त्याच्यावरच सेव्ह केले," मी म्हटलं. वहीत तसंच लिहिलं होतं.

 मालक बाहेरनं आले, वस्तादांचा चेहरा बघितला, स्क्रीन बघितली. "कुणी केलं हे?"

 मला नोकरीच्याही आधी आई आठवली. आता ती गल्लीला काय सांगेल?

"माझ्याकडनं झालं," काकू म्हणाल्या. "मूळ कॉपी बाजूला ठेवाय पायजे हुती, मी ठेवली न्हाय. दोन दिवसांत भरून देतो."

वीस वर्षं त्या खुर्चीवर बसलेल्या बाईला मालक जास्त काय बोलणार? पण बोलले, आणि माझ्यादेखत बोलले. काकू चिरमुऱ्यांची पिशवी हातात तशीच धरून ऐकत होत्या.

मग आम्ही कॅमेरा घेऊन तालमीत गेलो. आत आखाड्यात बायका जात नाहीत, म्हणून वस्ताद एकेक फ्रेम बाहेरच्या कट्ट्यावर आणून देत होते. काचेवर उजेड चमकू नये म्हणून मी वर काळी छत्री धरायची आणि काकू फोटो काढायच्या. वस्तादांचा राग कधीच उतरला होता. त्यांनी माझं नावच पाडलं. "ए वऱ्हाड, छत्री सरळ धर. पाय आले का? बघ नीट, न्हायतर ह्यो बी तलाठी व्हायचा!" काकूंनी तिथूनच वेबसाइटवाल्या पोराला फोन लावला. "उभी चौकट कर बाबा. तुझ्या चौकोनापायी माणसांचं पाय तोडू व्हय?" तो काहीतरी सांगू बघत होता, पण काकूंनी फोन ठेवून दिला.

सगळ्या फ्रेमा झाल्या, एक सोडून. तो फोटो तालमीचा नव्हता. गारगोटीच्या पुढच्या एका गावात त्या पैलवानाची बायको एकटी राहते. पुतण्या मोटरसायकलवरनं फ्रेम घेऊन आला होता आणि स्कॅन होईपर्यंत समोर उभा राहून परत घेऊन गेला होता. आज्जी फ्रेम पुन्हा घराबाहेर द्यायला तयार होईनात. तो फोटो नाही मिळाला तर मालकांना सगळं नव्यानं कळणार होतं, आणि काकू दुसऱ्यांदा तेच ऐकणार होत्या. मला ते सहन झालं नसतं. मी म्हटलं, मी जाते. काकू म्हणाल्या, "रस्ता तरी ठावं हाय का तुला?" आणि रविवारी त्याही निघाल्या, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी.

गारगोटीपर्यंत एस.टी., पुढं वडाप. जीपमध्ये आम्ही दहाजण आणि एक कोंबडी.

आज्जी दारातच बसल्या होत्या. "या पावणं. त्यो फोटो कापणारी तू व्हय?"

बातमी आमच्या आधी पोचली होती. मी मान खाली घातली.

"बस की. च्या घे आधी, मग रडंनास."

फ्रेम खाली काढली. काकूंनी ती उजेडात खुर्चीवर ठेवली, मी वर छत्री धरली आणि पहिल्यांदा तो फोटो नीट बघितला. तसं पाहिलं तर मीच तो उघडला होता, मीच कापला होता. पण तेव्हा मला फक्त डोकं आणि कान दिसले होते. अंगणात पैलवान उभे, फेटा, खांद्यावर गदा, पाय रोवलेले. आणि डाव्या कडेला गोठ्याचं दार, त्या दारात अर्धी दिसणारी एक तरुण बाई, हातात दुधाची चरवी.

"ती मी," आज्जी म्हणाल्या. "फोटोवाला आलता. सासऱ्यांम्होरं नवऱ्याजवळ कसं हुबं ऱ्हायाचं? म्हणून तितनंच बघत हुतो. त्या वयातला माझा दुसरा फोटो न्हाय." मग माझ्या हातावर चापट मारली. "त्येच्या अंगात होतं ते माझ्या म्हशीचं दूध हुतं, पोरी. मला कापल्यावर त्यो हुबा ऱ्हाईल व्हय?"

काकू हसल्या. मलाही हसू आलं आणि छत्री हलली, फोटो पुन्हा काढावा लागला.

उभ्या चौकटीत दोघं बसेनात. पैलवान घ्यावा तर आज्जी जायच्या. काकूंनी तिथंच ठरवलं, आखाच ठेवायचा, वरखाली कोरी पट्टी सोडायची. "बाकीच्यांपेक्षा ह्यो बारीक दिसंल," त्यांनी वस्तादांना फोनवर सांगितलं. पलीकडनं आवाज मलाही ऐकू आला. "दिसू दे की. वैनी हाय न्हवं त्यात?"

परतीच्या एस.टी.त काकूंनी विचारलं, "तुझ्या आईचा फोटो हाय का गं?"

मी मोबाइल दाखवला. बहिणीनं पाठवलेला, गोलात बसवलेला आईचा चेहरा, दोन्ही कान दिसणारा. मी रोज बघायची तो. काकूंनी मोबाइल जरा लांब धरला आणि वस्तादांच्या आवाजात म्हणाल्या, "पाय कुठायत?"

मी हसायला लागले आणि हसता हसताच रडू फुटलं. दीड वर्ष मी घरी गेले नव्हते. आई उभी कशी राहते ते डोळे मिटून आठवायला गेले, आणि नीट आठवेना. पदर कुठं खोचते, कुठल्या पायावर भार देते, मागं काय असतं, काही नाही. नुसता गोल.

"लाव फोन," काकू म्हणाल्या. "आत्ता लाव."

बहिणीनं उचलला. मी सांगितलं, आईचा आखा फोटो पाठव, अंगणात, पायांसकट. मागून आईचा आवाज आला, "पायाचा फोटो कायले पाह्यजे व तिले? भेगा पडल्या साऱ्या!" मी म्हटलं, भेगांसकट पाठव.

एस.टी. बिद्रीच्या पुढं आल्यावर फोटो आला. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि शाळेत राष्ट्रगीताला उभं राहावं तशी ताठ उभी होती. पण पाय अनवाणी. उजवा अंगठा वर उचललेला. तिला ऊन चटकलं की ती तसाच उचलते, हे मी विसरले होते. मागं कडुनिंब, बाज, बाजेवर वाळत घातलेल्या कुरड्या. कडेला बहिणीचं बोट आलं होतं. ते मी अजूनही कापलेलं नाही.

महिना संपला तेव्हा मालकांनी काही विचारलंच नाही, मी आपली येत राहिले. तालमीची वेबसाइट झाली. आजही नवा फोटो हातात आला की मी आधी मूळ कॉपी बाजूला ठेवते, मग आणखी एक ठेवते, तरी घरी जाताना जीव खालीवर होतोच. काकू म्हणतात, "पुरे की गं, किती ठेवशील?"

आणि मागच्या महिन्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अख्ख्या स्टुडिओत काकूंचा एकही फोटो नाही. वीस वर्षं त्या कॅमेऱ्याच्या मागंच आहेत. मी काढते म्हटलं तर म्हणाल्या, "माझा कशाला? आधार कार्डावर हाय की."

काकू, तुम्ही माझी चूक तुमच्या अंगावर घेतली आणि मला माझी आई आखी मिळवून दिली. मला जमेल त्या वर्षी मी तुम्हाला माझ्या गावी नेणार आहे. आमच्या अंगणात कडुनिंबाखाली तुम्हाला आणि आईला शेजारी शेजारी उभं करीन, आणि मीच फोटो काढीन, दोघींचा, पायांसकट. तो कुठल्याही मापात बसवणार नाही.