दाढीवरून दुखणं ओळखणाऱ्या मास्तरीणबाई

आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, ते आधी सांगून टाकतो. बाबांच्या शेवटच्या आजारात मॉर्फिनची गोळी मी नऊ दिवस अर्धी देत होतो आणि औषधाच्या वहीत 'एक' लिहीत होतो. एका बाईंना ते कळलं, पण मी सांगितलं म्हणून नव्हे.

मास्तरीणबाई हे बाबांनी ठेवलेलं नाव. त्या नर्स होत्या, मूळच्या गढवालच्या. ज्यांचा कॅन्सर आता बरा होणार नाही अशांच्या घरी जाऊन त्यांचं दुखणं आटोक्यात ठेवणं हे त्यांचं काम. आठवड्यातून दोनदा गाझियाबादहून स्कूटीवर आमच्या नोएडाच्या फ्लॅटवर येत. 'कैसे हैं' असं कधी विचारायच्या नाहीत. हेल्मेट दाराशी ठेवून स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल ओढत आणि बाबांना मान वर करावी लागणार नाही अशा बेतानं बसत. पहिला प्रश्न ठरलेला, "बाऊजी, पेट साफ हुआ?" मॉर्फिननं शौचाला होत नाही, म्हणून. बाबा मला म्हणत, "गृहपाठ तपासल्याशिवाय या मास्तरीणबाई पुढचा धडा काढत नाहीत बघ."

प्रत्येक घरातून त्या दोन-चार शब्द उचलत. आमच्याकडून 'दुखतंय का', 'कुठं' आणि 'पुरे' एवढे घेतले. "दर्द आदमी अपनी ही बोली में बताता है," असं म्हणाल्या होत्या. बाबांचं हिंदी कराडच्या पोस्टातलं. 'मेरे को इधर चमक मारता है' म्हणाले, की त्या गंभीरपणे मान डोलवत आणि विचारत, "कुठं?"

पहिल्याच दिवशी त्यांनी बाबांना विचारलं होतं, "अपने हाथ से क्या करना है?" बाबा म्हणाले, दाढी. दाढी न करता ते पोस्टाच्या खिडकीवर कधी बसले नव्हते. तेव्हापासून मास्तरीणबाईंचं मोजमाप दाढीच. हात वर धरवला, दोन्ही गाल गुळगुळीत झाले, तर औषध बरोबर चाललंय.

मी अर्धी गोळी का दिली? स्वतःला सांगत होतो, सवय लागेल म्हणून. ते खोटं होतं. पूर्ण गोळीनं पहिले दोन दिवस बाबा पेंगले आणि मी घाबरलो. आई गेल्यावर मी त्यांना जवळजवळ उचलूनच इथं आणलं होतं आणि त्यांना धड न विचारता कराडचं घर विकलं होतं. त्यावर ते मला कधी काही बोलले नाहीत. त्यांनी बोलावं, रागवावं, माफ करावं, यासाठी मला ते जागे हवे होते. उरलेले तुकडे मी बडीशेपेच्या डबीत लपवत होतो.

बाबांच्या डाव्या गालावरचे खुंट वाढले. दोनदा मी थाप मारली, कंटाळा करतात हो. तिसऱ्या खेपेला मास्तरीणबाई डोस वाढवायला डॉक्टरांना फोन लावायला निघाल्या आणि वहीशेजारच्या सुरीला लागलेली गोळीची भुकटी पाहून थांबल्या. मला बाल्कनीत घेऊन गेल्या.

"भैया, बाकी की आधी कहाँ रखते हो?"

मी डबी आणून दाखवली. आणि कारणही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "नींद दो-तीन दिन की होती है, फिर आदमी जागता है। माफ़ी माँगनी है तो आप माँगो ना। उनको क्यों तड़पा रहे हो?"

पुण्याहून ताई आलेली होती. बाबांची तळमळ तिनं दोन दिवस पाहिली होती. आम्ही आत येताच ती मास्तरीणबाईंवर बरसली. "आपको डोस समझता नहीं क्या? आदमी है वो, जानवर नहीं." मी डबी मुठीत धरून शेजारी उभा होतो. मास्तरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दीदी, आज से ठीक हो जाएगा," एवढंच बोलल्या आणि बाबांना पूर्ण गोळी दिली. मास्तरीणबाईंना पाठवणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात ताईनं लेखी तक्रार केली. मी तेव्हाही गप्प राहिलो.

चौथ्या दिवशी बाबांनी गरम पाणी मागितलं आणि दोन्ही गाल केले. आरसा धरून मी घराचं बोललो. ते म्हणाले, "विकलंस तेव्हा वाईट वाटलं. आता आरसा जरा खाली घे." मला हवं होतं ते एवढंच होतं, आणि ते त्यांना दुखत नव्हतं म्हणून मिळालं. पुढचे तीन आठवडे ते घरात बोलत-चालत होते. गेले तेही शांतपणे.

तेराव्यानंतर मास्तरीणबाई उरलेल्या गोळ्या परत न्यायला आल्या. मी म्हणालो, "दीदी को मैं बता दूँगा." त्यांनी गोळ्या मोजल्या, वहीवर माझी सही घेतली आणि म्हणाल्या, "बता देना। मेरे लिए नहीं, अपने लिए।" ऑफिसनं त्यांना काय विचारलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्याला तीन वर्षं झाली. बाबांचा विषय निघाला की ताई अजून त्या 'निष्काळजी नर्स'बद्दल बोलते आणि मी पानात खाली बघून जेवत राहतो. ताईला खरं सांगणं, आणि त्या ऑफिसला माझ्या सहीचं पत्र पाठवणं, ही दोन्ही कामं मी अजून केलेली नाहीत.