नसलेलं विष उतरवताना

गिरणी बंद पडली तेव्हा गुणाजी घाडीकडे बोरीवलीची खोली उरली आणि बापाचा विंचू उतरवायचा मंत्र. मंत्रही अर्धाच. बाप पिऊन शिकवायला बसायचा आणि मध्येच घोरायला लागायचा. राहिलेल्या अर्ध्याच्या जागी गुणाजी गिरणीतल्या मागाच्या सुट्या भागांची नावं पुटपुटायचा.

नॅशनल पार्कच्या कुंपणालगतच्या सोसायटीत तो झाडांना पाणी घाली. एरवी त्याला सगळे 'ए माळी' म्हणत. विंचू निघाला की 'गुणाजीभाऊ'. तेवढ्यावरच तो ताठ चालायचा.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात सेक्रेटरी नंदकुमार फरशा उचलायला गेले आणि बोंबलत सुटले. "वाट लागली! चावलं! वर मागे पण लागलंय!" मागे पळत होतं ते तळहाताएवढं, केसाळ, वाळल्या गवताच्या रंगाचं, अडकित्त्यासारख्या जबड्याचं. विंचू नाही, कोळीही नाही.

गुणाजीने नंदकुमारांच्या चावलेल्या अंगठ्यावर आघाड्याची मुळी चोळली, अर्धा मंत्र आणि अख्खा माग म्हटला. दहा मिनिटांत नंदकुमार चहा मागू लागले.

दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या उत्तराबाई ते जनावर बरणीत घालून आल्या.

"गुणाजी, याला विषच नसतं. चावलं तर दुखतं, साबणाने धुवायचं, झालं. आणि ते मागे लागत नाही. सावली शोधतं. नंदकुमारांची सावली मोठी, म्हणून त्यांच्यामागे."

"आता खंय असतलां विष? मिया उतरवलंय मां!"

बाई हसल्या नाहीत. "उद्या खरा लाल विंचू चावेल. लोक हॉस्पिटल सोडून पोर तुझ्याकडे आणतील. मग?"

गुणाजीही हसायचा थांबला. गावी बाप मंत्र म्हणत असताना तीन पोरं दगावली होती. बाप प्रत्येक वेळी म्हणायचा, उशिरा आणलंत.

रविवारी नंदकुमारांनी गच्चीवर सत्कार ठेवला. गुणाजी उभा राहून म्हणाला, "त्या जनावराक विष नव्हतां. मी काय पण केलं नाय."

"बघा, केवढा विनय!" नंदकुमार म्हणाले. टाळ्या पडल्या. खरं बोलून नाव दुप्पट झालं.

नंदकुमारांनी शाल आणि नारळ पुढे केला. गुणाजीने क्षणभर हात मागे घेतला. मग दोन्ही हातांनी घेतला.

"साहेब, आमच्यात विष उतरवणाऱ्यानं बदल्यात सुपारीसुद्धा घ्यायची नसते. घेतली की मंत्र मेला. आता मेला. ह्यापुढं विंचू चावला तर रिक्षा करायची, सरळ हॉस्पिटल."



"अरे, मग दे ना परत!" नंदकुमार नारळाला झोंबले.

"परत दिल्यानं जिवंत होत नाय तो."

गुणाजीने कठड्यावर नारळ फोडला. पाणी स्वतः प्यायला, खोबरं वाटलं. शेवटच्या तुकड्यापर्यंत येईतो त्याला कोणीतरी म्हणालंच, "ए माळी, इकडे पण दे."

त्याने दिलं.