गळतीवाल्या बाई आणि झपाटलेले बंगले

कामावर तिला सगळे गळतीवाल्या बाई म्हणत. गच्ची गळो की न्हाणीघराची भिंत ओल धरो, बाई यायच्या, भिंतीवर बोटानं टकटक करायच्या आणि पाणी कुठून झिरपतंय ते नेमकं सांगायच्या. वीस वर्षं हाच धंदा. अशा बाईवर रोज दुपारी तासभर भुताटकीची कादंबरी मोठ्यानं वाचायची पाळी आली, कारण सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचायचं नाही म्हणून बजावलं होतं.

सासूबाईंची आवड एकच, झपाटलेला बंगला. टेकडीवर एकटा उभा, आत एक कुलूपबंद खोली आणि नव्यानं राहायला आलेली तरुण बाई.

‘‘भिंतीवरचा काळा डाग रोज वाढत होता. त्याला हळूहळू माणसाच्या चेहऱ्याचा आकार येत होता...’’ सुनेनं पुस्तक मांडीवर आपटलं. ‘‘आई, ही ओल आहे! वरचा पाइप फुटलाय.’’

‘‘तू वाच गं.’’

‘‘दीडशे पानं झाली. हिला एक गवंडी बोलवता येत नाही?’’

‘‘गवंडी आला की कादंबरी संपली,’’ सासूबाई काळ्या चष्म्याआडून म्हणाल्या.

चौथ्या दिवशी तिचा संयम सुटला. कामावरून धावतपळत यायचं, दोन घास पोटात ढकलायचे आणि पुस्तकातली ही बया मेणबत्ती घेऊन एकटीच अंधाऱ्या तळघरात चाललेली! तिनं आवाजही न बदलता वाचलं, ‘‘मग तिनं भिंत फोडून पाइप बदलला आणि सगळे सुखानं राहू लागले. समाप्त.’’

‘‘किती पानं गाळलीस?’’

‘‘नव्वद,’’ सून ओशाळून म्हणाली. मग तिचा पारा पुन्हा चढला. ‘‘पण काय मिळतं हो तुम्हाला यात? घर खायला उठलंय, तर सोडून जावं की माणसानं!’’

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. ‘‘ती सांगत असते, या घरात काहीतरी आहे म्हणून. नवरा म्हणतो भास, डॉक्टर म्हणतो झोप कमी. आणि शेवटी तिचंच खरं निघतं. त्या शेवटासाठी वाचते मी. इथं माझं कोण ऐकतंय? पलंगामागच्या भिंतीत टप् टप् वाजतं, हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू फोनवर कुणाच्या तरी गच्चीचं बोलत होतीस. म्हणालीस, ऑपरेशननंतर होतं असं. डोळे कापल्यावर कान वाजतात, हे मला तेव्हाच कळलं!’’

सुनेनं पलंग ओढला आणि भिंतीला कान लावला. बराच वेळ काहीच नाही. मग, टप्. तिनं खाली वाकून नख लावलं, तर ओंजळभर गिलावा भुसभुशीत होऊन हातात आला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नाकाखाली! तिला इतका संताप आला की तिनं तिथल्या तिथं प्लंबरला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी भिंत फोडली. गंजलेला सांधा निघाला, संध्याकाळपर्यंत बदलूनही झाला. सासूबाई खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या. ‘‘मी सांगत होते,’’ हे त्यांनी प्लंबरला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, फोनवर बहिणीला दोनदा सांगितलं. सून सिमेंट कालवत राहिली.

महिना संपला. दोघी तपासणीला गेल्या. डॉक्टर सुनेच्या देखत म्हणाले, ‘‘आजी, आता खुशाल वाचा.’’

घरी आल्यावर सासूबाईंनी नवी जाडजूड कादंबरी तिच्यापुढे सरकवली. ‘‘डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस दम धरा.’’

हात पुसून सून पलंगाच्या कडेला टेकली आणि पहिलं पान उघडलं.

‘‘ही पण तळघरात जाणार. आत्ताच सांगून ठेवते.’’

‘‘जाऊ दे की,’’ सासूबाई उशीला टेकत म्हणाल्या. ‘‘तू सावकाश वाच.’’