मलकापूर ते सुलतानपूर, सहा ट्रे आणि लहरी एसी

पुण्याच्या होस्टेलवरून रेल्वेने मलकापूरला उतरलो, मामांची जुनी गाडी घेतली आणि निघेपर्यंत दहा वाजले. उजाडताच निघायला हवं होतं, पण रेशीम केंद्रावर नंबर उशिरा लागला. मागच्या सीटवर चॉकीचे (रेशमाच्या बाळअळ्यांचे) सहा ट्रे होते. त्यांना ऊन सोसत नाही. सुलतानपूरला बाबांनी अर्ध्या एकरात तुती लावली आहे. ही त्यांची पहिलीच बॅच. "तू शिकेल आहे, तूच घेऊन ये," असं फोनवर म्हणाले होते.

एसी मात्र लहरी. मामांनी मागच्याच आठवड्यात गॅस भरला होता. मोकळ्या रस्त्यावर हवा गार यायची. मोताळ्याच्या गर्दीत गाडी अडखळली की गरम. गाडीत बोलायला कुणी नव्हतं. मी अळ्यांनाच "थोडं थांबा" म्हणालो आणि एकटाच ओशाळलो.

राजूर घाटात एका ट्रकमागे पहिल्या गिअरवर चढताना आतली हवा भट्टीसारखी झाली. काच उघडली, तर बाहेर त्याहून वाईट. घाट संपल्यावर लिंबाखाली (कडुनिंबाखाली) एक गॅरेज दिसलं. म्हातारे मिस्त्री बिडी ओढत बसले होते. त्यांनी बोनेट उघडलं, तोवर एसी पुन्हा गार.

"चांगला तर चालून राह्यला."

"आत्ता बंद होता, चाचा. खरंच. मागच्याच आठवड्यात गॅसही भरलाय."

"खोटं कोन म्हनते? बिमार मानूस डॉक्टरपुढं असाच टुणटुणीत असते."

ट्रे दिसताच त्यांनी बिडी विझवली. धूर अळ्यांना चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आम्ही ट्रे सावलीत उतरवून वर ओलं फडकं टाकलं. "किड्याइले लिंब, अन् आमाले एसी!" असं म्हणत ते माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. इंजिन चालूच होतं.

"आता काय करायचं?"

"काही नाही. बसाचं. बिघाड येईपर्यंत."

वीसेक मिनिटं ते बसले. गाव कोणतं, काय शिकतो, जेवतो कुठं, सगळं विचारलं. कित्येक महिन्यांत माझ्याशेजारी इतका वेळ कुणी बसलं नव्हतं. मग हवा कोमट झाली. चाचा लगबगीने उतरले. समोरच्या जाळीमागचा पंखा थांबला होता. त्यांनी प्लग हलवताच तो फिरला.

"गाडी पळते तवा वारा लागते. हळू झाली का पंखा पाह्यजे. गॅस भरल्यानं पंखा फिरते का बे?"

प्लग घासून त्यांनी घट्ट बांधून दिला. ट्रे पुन्हा मागच्या सीटवर ठेवून मी निघालो. चिखली गेली, मेहकर गेलं, हवा गारच राहिली. शेजारची सीट मात्र आता फार रिकामी वाटत होती.

सुलतानपूरला बाबांनी आधी ट्रे पाहिले, मग मला. खिडकीकडच्या ट्रेतल्या अळ्या मलूल होत्या. बाबांनी तुतीचा पाला पसरला. हळूहळू पाला कुरतडल्याची चरचर ऐकू आली. खिडकीकडच्या ट्रेमधून सगळ्यांत शेवटी, तीही अर्ध्याच भागातून.

"हे अर्धं तं जगलं," बाबा म्हणाले. मग, "तुहं कसं चालू आहे तिकडं?"

"बरं आहे."

फोनवरही मी हेच सांगतो. दोन मिनिटांपुरतं ते खरंही वाटतं. पण आज बाबा उठले नाहीत. ट्रेकडे पाहत तिथंच बसून राहिले.

बऱ्याच वेळाने मी म्हणालो, "बाबा, मले तिकडं करमत नाही."

"हाव," ते म्हणाले आणि पाल्याची टोपली त्यांनी आमच्या दोघांच्या मध्ये ओढली.